फाळक्यावरचा हात

गोडाऊनच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने माझ्या लायसनचा नंबर मोबाइलमध्ये टाकला आणि स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरली. नाव माझं, फोटो माझा, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं की मुदत संपली. संपून तेरा महिने झाले होते. माझ्या मागे सात-आठ गाड्या लागल्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून माना उंचावून बघत होते.

"मालक, गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला. "नाहीतर लायसनवाला ड्रायव्हर बोलवा."

सत्तावीस वर्षं मी भिवंडीत टेम्पो चालवतोय. एका जुन्या, गळक्या टेम्पोवर सुरुवात केली, आज दोन गाड्या आहेत, दोन्ही माझ्या कमाईच्या. एक ड्रायव्हर चालवतो, दुसरी मी. त्या माणसाला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गेटचा दांडा खालीच ठेवला.

आत मॅनेजरकडे गेलो. त्याच्यापुढे यादी होती. या गोडाऊनमध्ये सकाळच्या फेरीसाठी गाडी लावायची तर गाडीच्या नंबरासमोर ड्रायव्हरचं नाव लिहून द्यावं लागतं. त्या नावाचा पास निघतो आणि तो वर्षभर बदलत नाही. माझ्या एका गाडीसमोर माझ्या ड्रायव्हरचं नाव होतं, दुसरीसमोर माझं.

"दुसरं कुठलंही नाव द्या," मॅनेजर म्हणाला. "ड्रायव्हर काय, नाक्यावर मिळतात."

"गाडी माझी आहे."

"गाडी तुमचीच राहील. सीटवर दुसरा बसेल."

मी विचारलं, यादी कधी बंद होणार. तो म्हणाला, महिनाअखेरीला. मी म्हणालो, तोपर्यंत माझ्या नावावर काट मारायची नाही. तो पंधरा दिवस म्हणत होता, मी दीड महिना मागितला, महिनाअखेरीवर ठरलं. म्हणजे तो आधी म्हणाला होता तिथेच. पण काट मारली नाही, एवढं मी मिळवलं.

तिथून सरळ एजंटकडे गेलो. नाक्यावर त्याचा गाळा आहे. तीन पायऱ्या, वर टेबल, टेबलावर फायलींचा ढीग, मागे देवांच्या तसबिरी. गाडीची कागदपत्रं असोत की लायसन, सत्तावीस वर्षं माझं प्रत्येक काम याच टेबलावरून झालं. सव्वा वर्षापूर्वी लायसनचं नूतनीकरण करायला म्हणून मी त्याला माझं कार्ड दिलं होतं आणि त्याबरोबर माझं पहिलं लायसनही, ते जुनं पुस्तकासारखं, चिकटवलेल्या फोटोचं. तो म्हणाला होता, जुना रेकॉर्ड लागेल. मग त्याने स्वतःच्या पॅडवर एक पावती लिहून दिली. दर वेळी विचारलं की म्हणायचा, कार्ड छापायला गेलंय. कोथिंबिरीची काडी फुकट घेतल्याशिवाय भाजीवाल्यासमोरून न उठणारा माणूस मी, पण ती पावती मी कधी उलटूनसुद्धा पाहिली नाही. तिच्यावर सरकारी असं काहीच नव्हतं.

"बसा शेठ, चहा सांगतो."

"चहा राहू दे. माझा अर्ज कधी केलास?"

"झालंच आहे समजा. वरून थोडं अडकलंय. हो जाएगा."

"गेटवर मोबाइलमध्ये दिसतंय. अर्जच नाही."

त्याने खण ओढला. आत रबर लावलेले लायसनचे दोन गठ्ठे होते. त्यांतल्याच एकात कुठेतरी मी होतो. त्याने गठ्ठा उचलला, परत ठेवला आणि खण बंद केला.

"शेठ, खरं सांगतो, राहून गेलं. आता वर्ष उलटलं की नियमाने पुन्हा टेस्ट लागते. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुम्ही यायची पण गरज नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मागच्या वेळी कुठे आला होतात?"

तो हसत म्हणाला. आणि ते खरं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी हाच माणूस, तेव्हा बारीक मिशी आणि बगलेत एक फाइल, अर्ध्या दिवसात माझं लायसन घेऊन आला होता. टेस्टच्या त्या सकाळी मी नारपोलीत कापडाचे ताके भरत होतो. सरकारच्या माणसासमोर मी गाडी कधी चालवलीच नव्हती. इतकी वर्षं ही गोष्ट मी विसरलो होतो, किंवा विसरल्यासारखं केलं होतं. ती त्याच्या खणात मात्र नीट जपून ठेवलेली होती.

"टेस्ट मी देणार," मी म्हणालो. "माझं कार्ड आणि पुस्तक काढ."

"गठ्ठ्यात शोधावं लागेल शेठ. नंतर देतो."

घरी येऊन मीच मोबाइलवर अर्ज भरायला घेतला. दोनदा ओटीपी येईपर्यंत पान बंद पडलं, तिसऱ्यांदा फोटो उलटा चढला. डॉक्टरकडून डोळ्यांचं आणि तब्येतीचं सर्टिफिकेट आणलं. टेस्टची तारीख मिळाली तेव्हा मला वाटलं, अवघड काम संपलं. गाडी तर काय, येतेच.

आता भिवंडीबाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. नारपोलीच्या ज्या गल्ल्यांमध्ये मी गाडी शिकलो, तिथे दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने आहेत. शिफ्ट चालू असली की ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून गाडी मागे घेताना मागचा माणूस फाळक्यावर, म्हणजे टेम्पोच्या मागच्या झडपेवर, हात मारतो. दोन थापा म्हणजे येऊ द्या. एक थाप म्हणजे थांबा. भराभर तीन-चार म्हणजे चाकाखाली काहीतरी आलंय. ही थाप कानाला कमी आणि ढुंगणाला जास्त कळते, सीटमधून येते. आणि आरसे म्हणाल तर गल्लीत शिरताना मिटूनच घ्यायचे, नाहीतर एक विजेच्या खांबाला जातो आणि दुसरा हातगाडीवर आडव्या लादलेल्या, सूत गुंडाळलेल्या बीमला. माझ्या पहिल्या टेम्पोचा डावा आरसा मी सुतळीने दरवाजाला बांधूनच टाकला होता. पुढे नवी गाडी घेतली तेव्हा सवयीने तिचाही बांधला.

पहिली आठ वर्षं ही थाप माझ्या बायकोची होती. क्लीनर ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून ती डबा घेऊन केबिनमध्ये बसायची आणि गल्ली आली की पदर खोचून खाली उतरायची. लूमवरचे कामगार सुरुवातीला दारात येऊन बघायचे. एकदा एक जण म्हणाला, "भाभी, जरा धीरे, गाडी टूट जाएगी." ती म्हणाली, "तू तुझा धागा सांभाळ, तिकडे तुटला बघ." तो खरंच आत धावला. पुढे क्लीनर आले-गेले. गोडाऊनं झाली तशी तिथली माणसं थाप द्यायला लागली. हात बदलले, पण माझा पाय तोच राहिला. एक थाप आली की तो ब्रेकवर जायचा, मध्ये मला विचारायचाही नाही.

टेस्टच्या दिवशी माझ्या ड्रायव्हरने गाडी आरटीओच्या मैदानावर आणली. इन्स्पेक्टर मॅडम तिशीच्या, हातात पॅड. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"काका, आरसे उघडा."

"राहू द्या मॅडम, लागत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुतळीकडे. सुतळीची गाठ वर्षानुवर्षांची, किल्लीने घासून तोडावी लागली. पुढे गाडी मी अशी चालवली की त्या मान हलवत होत्या. मग गाडी मागे घेऊन खांबांच्या दोन ओळींमधून आत न्यायची होती आणि शेवटी चुन्याच्या पट्ट्यावर थांबवायची होती. मी गियर टाकला, चार हात मागे आलो आणि थांबलो. वाट बघत बसलो. मैदानावर शांतता होती.

"काका, गाडी बंद पडली का?"

"नाही."

"मग या ना मागे."

"मागे कोणी उभं राहील का?"

"कशाला?"

"थाप द्यायला."

रांगेतले हसले. माझं डोकं फिरलं. मी अंदाजाने गाडी घेतली आणि कडकन् एक खांब गेला. खाली उतरलो. मॅडम लिहीत होत्या.

"मॅडम, आठ खांब होते. सात उभे आहेत."

"हो."

"मग सातांचं काहीतरी बघा. सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय, एका खांबावर सगळं घालवता?"

"काका, खांबाच्या जागी माणूस असता तर सात वाचले म्हणाला असतात का?"

मी जाऊन पडलेला खांब उभा केला. 

"सात दिवसांनी या," त्या म्हणाल्या. "आणि लक्षात ठेवा, तीनदा नापास झालात तर त्यानंतर साठ दिवस टेस्ट देता येत नाही."

साठ दिवस म्हणजे यादी बंद. माझ्या गाडीसमोर दुसऱ्याचं नाव आणि तेही वर्षभर.

आठवड्याने पुन्हा गेलो, या वेळी बायको बरोबर. मी तिला चहाच्या टपरीवर थांबायला सांगितलं होतं. या खेपेला मी आरसे आधीच उघडून ठेवले होते. पण त्यांत काय बघायचं हे मला कळत नव्हतं. उजव्यात आभाळ होतं, डाव्यात रांगेतल्या गाड्यांची टपं. तरी पावलापावलाने मागे येत होतो. अर्धं अंतर पार झालं. पुढचं कळेना.  आणि मग मागून एक थाप आली. एकच, तळहाताची, घट्ट.

पाय ब्रेकवर गेला होता. गाडी थांबली. खाली उतरून बघतो तर चाक बरोबर चुन्याच्या पट्ट्यावर. एकही खांब हललेला नाही. माझ्या तोंडावर हसू आलं असणार, कारण मॅडमच्या तोंडावर ते अजिबात नव्हतं. त्या गाडीच्या मागे बघत होत्या. तिथे माझी बायको उभी होती, मैदानाभोवतीच्या दोरीखालून आत आलेली, हात अजून फाळक्यावर.

"या कोण?"

"माझी बायको."

"गाडी मागे कोणी घेतली, काका? तुम्ही की यांनी?"

मी म्हणालो, स्टीअरिंग माझ्या हातात होतं. मॅडम म्हणाल्या, थांबायचं कोणी ठरवलं ते विचारतेय. मग पॅडवर लिहिलं. दुसऱ्यांदा नापास.

मी सगळा राग बायकोवर काढला, चारचौघांत. "तुला कोणी बोलावलं होतं मध्ये? तिथे टपरीवर बसवत नव्हतं?" तिने डबा उचलला आणि केबिनमध्ये जाऊन बसली. माझा ड्रायव्हर गाडी चालवत होता, मी मध्ये, ती खिडकीशी. त्या बिचाऱ्याने वातावरण हलकं करायला म्हटलं, "मालिक, पास पे मेरा नाम डाल दो, मैं दोनों गाड़ी चला लूँगा." मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा रस्ता त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. नारपोलीजवळ आल्यावर बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"आनखी चार बोटं आला असता तर खांब गेला असता."

ते खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि तिला सांगून टाकलं की मी कधीच टेस्ट दिली नव्हती. पहिलं लायसन एजंटने घरी आणून दिलं होतं. ती चहा गाळत होती.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी ताके कोनी भरले तुमच्याबरोबर? मीच होते ना गाडीवर."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं."

मग कप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मघाशी माझा हात आपसूक गेला. मी काय मुद्दाम न्हाय केलं. गाडी अडली की हा हात जातोच." मला माफी वगैरे मागता येत नाही. मी म्हणालो, चहा चांगला झालाय. ती म्हणाली, रोजचाच हाय.

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या भावाला फोन केला. खारबावला त्याचं भाताचं शेत आहे. कापणी झालेली, जमीन वाळून टणक. शेत खाजगी, तिथे लायसन कोण विचारणार. खांबांच्या जागी ठेवायला मी एका लूमवाल्याकडून सुताचे रिकामे कोन मागितले, ते पुठ्ठ्याचे, वर निमुळते असतात ते. तो म्हणाला, भंगारात विकतो मी. मी म्हणालो, दबलेले दे, ते भंगारवालाही कमी भावात घेतो. तीन गोण्या दबलेले कोन मिळाले. आपटून-ठोकून उभे राहतील असे केले.

ड्रायव्हरने गाडी शेतापर्यंत आणून दिली. बायकोने पावलांनी मोजून कोनांच्या दोन ओळी लावल्या. मग ती बाजूच्या बांधावर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिने पदरात गुंडाळून घेतले होते.

मी गियर टाकला आणि मागे यायला लागलो. चार हात आलो असेन, थप्. पाय ब्रेकवर. मी मान बाहेर काढून ओरडलो, "आता कशाला मारलीस?" तिने पदरातले हात वर करून दाखवले. थप्. पुन्हा आवाज आला. शेजारच्या खळ्यावर भात झोडत होते. दोन बायका, दोन पुरुष, फळीवर पेंढ्या आपटत होते, एकदा हिची, एकदा त्याची.

त्या सकाळी मी तेरा कोन चपटे केले. झोडणीचा आवाज आला की पाय जायचा, गाडी धक्का खायची, पुन्हा सुटायची आणि वाकडी व्हायची. खळ्यावरची माणसं हात थांबवून बघायला लागली. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "काय रं, गाडी उचक्या देतीय का?" माझा संताप झाला. मी मेव्हण्याला म्हणालो, यांना अर्धा तास थांबायला सांग. बायको बांधावरून खाली आली.

"त्यांनी का म्हनून थांबायचं? भात त्यांचं, दिवस त्यांचा."

"मग मी काचा वर घेतो."

"घ्या. आनी मग काच लावून किती दिवस चालवाल? रस्त्यावर कोन ना कोन थाप मारनारच. ती तुमाला हाय का दुसऱ्याला, ते तुमी बघायचं. त्यासाठी आरसा हाय."

मी म्हणालो, आरशात आभाळ दिसतं. ती गाडीपाशी आली, पायरीवर चढली आणि दोन्ही हातांनी आरसा खाली वळवला. "आता काय दिसतं?"

मागचं चाक दिसत होतं. चाकाखालची ढेकळं, चाकाशेजारचा कोन, दोघांच्या मधली जागा, सगळं. सत्तावीस वर्षांत सीटवर बसून मी माझ्या गाडीचं मागचं चाक पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर चार दिवस आम्ही तेच केलं. मी गाडीत, ती बांधावर.  मी कोन पाडला की येऊन उभा करायची आणि परत जायची. मी चिडलो की खळ्याकडे बघत बसायची. थप् झालं की पाय उचलला जायचा, तो मी हवेतच धरून ठेवायचो, आरशात बघायचो, जागा असेल तर पुढे, म्हणजे मागे. मांडी भरून यायची. तिसऱ्या दिवशी दोन कोन पडले. चौथ्या दिवशी सकाळपासून एकही नाही, आणि झोडणी चालूच होती. मेव्हणा म्हणाला, "दाजी, झालं आता, जेवायला चला." मी म्हणालो, अजून पाच वेळा. पाचाच्या नऊ झाल्या.

तिसऱ्या टेस्टला गेलो तेव्हा मैदानाच्या गेटवर एजंट उभा होता, बगलेत फाइल. दुसऱ्या कोणाच्या कामाला आला असेल, पण मला बघून पुढे आला.

"शेठ, ऐकलं मी. आज गेली तर साठ दिवस. एकदा फक्त हो म्हणा, पुढचं मी बघतो. जुनं नातं आहे आपलं."

"माझं पुस्तक सापडलं?"

"ते काय कुठे जातंय."

"काढून ठेव. लायसन आलं की घ्यायला येतो."

तो हसला. बायको टपरीवर गेली. या वेळी ती मैदानाकडे पाठ करून बसली, चहावाल्याकडे तोंड करून.

मॅडमनी मला ओळखलं. आरसे बघितले. मी काचा उघड्याच ठेवल्या होत्या. पुढे चालवून झालं. मग मी मागे यायला लागलो. डाव्या आरशात चाक, खांब, मधली जागा. उजव्यात तसंच. दुसरा खांब पार झाला, तिसरा झाला. आणि मग मागे कुठेतरी, रांगेत, कोणीतरी स्वतःच्या गाडीच्या फाळक्यावर हात मारला. एक थाप, अगदी तशीच. पाय उचलला गेला.  मी आरशात बघितलं. चुन्याच्या पट्ट्याला अजून दोन हात होते, आणि खांब जिथे असायला हवा तिथेच होता. मी पाय खाली येऊ दिला नाही. दोन हात मागे आलो आणि मग थांबलो.

मॅडम चालत आल्या, चाकापाशी वाकल्या, पट्टा बघितला.

"काका, मध्ये जरा हळू झालात."

"हो. मागे कोणीतरी थाप मारली."

"मग थांबला नाहीत?"

"आरशात जागा दिसत होती."

त्यांनी लिहिलं आणि पॅड माझ्याकडे सहीला दिला. सही करताना मी विचारलं की पास ना. त्या म्हणाल्या, आठच्या आठ उभे आहेत काका, आता कशाची घासाघीस करताय.

टपरीवर गेलो. बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं, उठली आणि म्हणाली, "चला, भूक लागली."

महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा मोबाइलवर माझं नाव हिरव्यात आलं. त्या सिक्युरिटीवाल्यासाठी मी दोन वाक्यं तयार करून ठेवली होती, चांगली धारदार. त्याने नंबर टाकला, स्क्रीन बघितली, म्हणाला, "जा मालक," आणि दांडा वर केला. मागे गाड्या होत्या. वाक्यं तशीच राहिली. मॅनेजरच्या यादीत माझ्या गाडीसमोर माझं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं.

पहिली फेरी संपवून दुपारी बायकोला घरून घेतलं आणि नाक्यावर गेलो. एजंटच्या गाळ्यासमोर, पायऱ्यांपर्यंत, एका टेम्पोपुरती मोकळी जागा असते. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी मोटारसायकली. मी गाडी रस्त्याला लावून गियर टाकला आणि मागे यायला लागलो, हळूहळू. आरशात गटाराची कड होती, मोटारसायकलचं हँडल होतं, आणि मागे गाळ्यात तो, टेबलामागे. आधी त्याने मान वर केली. मग उभा राहिला. मग खाली उतरून हात हलवायला लागला.

"शेठ, बस. बस बस शेठ."

आणि त्याने फाळक्यावर थाप मारली. एक, सगळा हात लावून.

पाय जागचा हलला नाही. आरशात पायरी दिसत होती आणि चाक दिसत होतं, आणि मधे किती आहे तेही दिसत होतं. तो उडी मारून वर गेला, फायली छातीशी धरल्या. मी आणखी वीतभर आलो, थांबलो, हँडब्रेक ओढला आणि उतरलो.

"पुस्तक," मी म्हणालो. "आणि कार्ड."

त्याने खण ओढला. गठ्ठ्याचं रबर काढलं. शोधायला त्याला फार वेळ लागला नाही, म्हणजे मागेही लागला नसता. पुस्तकात माझा फोटो होता, गालफडं बसलेली, केस सगळे काळे. पुढच्या पानावर टेस्ट घेतल्याचा शिक्का आणि सही. ती तारीख ताके भरत होतो त्या दिवसाची.

"चहा घ्या शेठ," तो म्हणाला. "राग ठेवू नका."

राग मी ठेवलाय. सव्वा वर्ष त्याने मला खणात ठेवलं होतं. चहा मात्र घेतला, दोन कप, एक माझ्यासाठी, एक बायकोसाठी.

ती तोवर गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली होती. पायरी आणि फाळका यांच्या मधल्या जागेत तिने हात घातला, बोटं आडवी लावून बघितली आणि माझ्याकडे वळली.

"आनखी चार बोटं आला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली.